पहिली जाळी घड्याळाची

परळच्या सुपारीबागेत २३ सप्टेंबर १८८४ रोजी गिरणी कामगारांची सभा भरली. तीन दिवसांनी, २६ तारखेला, दुसरी भरली. दोन्हींमागे नारायण मेघाजी लोखंडे होते. पाठीशी जुनी संघटना नव्हती, निधी नव्हता, आणि जमलेल्यांपैकी लिहिता येणारे थोडे. तरीही साडेपाच हजार कामगारांनी एका अर्जाला आपले नाव दिले आणि तो अर्ज त्या वर्षी सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे ठेवला गेला. मागण्या पाच होत्या. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. आणि पाचवी: कामावर गंभीर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि माणूस कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

माझी सगळी नोकरी सुरक्षा अधिकारी म्हणून गेली. त्यासाठीच्या अभ्यासक्रमात आणि नंतर तरुण अधिकाऱ्यांना शिकवताना मी पाहिले, की हा अर्ज ‘कामगार चळवळ’ या धड्यात येतो, ‘सुरक्षा’ या धड्यात येत नाही. सुरक्षेचा धडा यंत्राच्या जाळीपासून सुरू होतो आणि हेल्मेट, हातमोजे, परमिट असा पुढे जातो. फार तर पाचव्या मागणीचा उल्लेख होतो, कारण तिच्यात अपघात हा विषय उघड आहे. माझ्या मते पहिल्या तीन मागण्याही सुरक्षेच्याच होत्या, आणि त्यांचा क्रम त्या कामगारांनी अनुभवातून लावलेला होता. आधी थकवा आवरा, आणि एवढे करूनही घात झाला तर घर सांभाळा. आपल्या कायद्याचा दीडशे वर्षांचा प्रवास म्हणजे हा क्रम हळूहळू, तोही अर्धामुर्धा, मान्य करत जाण्याची गोष्ट आहे.

ती यंत्रे कशी चालत हे समजल्याशिवाय या क्रमाची निकड कळत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढलेल्या कंपनीची गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी भागांत चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. प्रत्येक गिरणीचा जीव एका वाफेच्या इंजिनात. इंजिनाचे मोठे चाक फिरे, त्यावरून दोर किंवा पट्टे जात, ते छताखालचे लांबच लांब शाफ्ट फिरवत, आणि त्या शाफ्टवरून एकेक पट्टा खाली प्रत्येक यंत्राला येई. एखादे यंत्र थांबवायचे तर त्याचा पट्टा बाजूच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा. यंत्र थांबे, पण डोक्यावरचा शाफ्ट फिरतच राही. शाफ्ट थांबवायचा तर इंजिन थांबवावे लागे, म्हणजे अख्खी गिरणी थांबे. मग तुटलेला पट्टा चढवणे, तेल घालणे, दातेरी चाकांत अडकलेला कापूस काढणे ही कामे बरीचशी चालू गतीतच होत. धोतराचा सोगा, पदराचे टोक, सुटलेला केस, एवढ्याने माणूस आत ओढला जाई. कापूस पिंजणाऱ्या खात्यात काटेरी रूळ, विणकामाच्या साचेखात्यात सुसाट जाणारा धोटा, आणि सुताला ओल हवी म्हणून खिडक्या बंद करून सोडलेली वाफ. हे सगळे पहाटेच्या उजेडापासून दिवस मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. घड्याळ गिरणीच्या दारावर होते खरे, पण कामाचा तास ठरवणारा मालक सूर्यच होता.

अशा जागी दहाव्या-बाराव्या तासाला हात चुकतो. त्याला कुणाचा निष्काळजीपणा लागत नाही. हे सुपारीबागेत जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

सरकारला ते कळायला वेगळीच वाट घ्यावी लागली. मुंबईच्या गिरण्यांचा स्वस्त माल लँकेशायरच्या गिरणी मालकांना टोचू लागला. आमच्याकडे कामाच्या तासांवर कायद्याचे बंधन आणि हिंदुस्थानात काहीच नाही, अशी त्यांची तक्रार होती. तिला इंग्लंडमधल्या काही खऱ्या कळवळ्याच्या माणसांचीही साथ मिळाली. मुंबई सरकारने १८७५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला. त्यातल्या बहुतेक सदस्यांना कायदा नकोच होता. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र मुलांच्या आणि बायकांच्या बाजूने स्वतंत्र विधेयकाचा आग्रह धरला. गिरणी मालकांनी विरोध केला, आणि परकीय सरकारविरुद्ध झुंजणाऱ्या आपल्याकडच्या अनेक वृत्तपत्रांनीही केला. देशी उद्योग मारायला लँकेशायरने रचलेला हा डाव आहे, असे त्यांना वाटे. त्या शंकेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण कारखान्यात बोट गमावलेल्या पोराला लँकेशायरचा हेतू काय होता याने फरक पडत नव्हता. सत्यशोधक चळवळीतून आलेल्या लोखंड्यांनी ही गोष्ट तेव्हाच ओळखली. ते स्वतः मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८० पासून ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र त्यांच्या हातात होते, आणि कायदा कामगाराच्या भल्याचा असेल तर तो मागितलाच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. त्यात यंत्रांच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याचे कलम होते, अपघात कळवण्याचे बंधन होते. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास, मध्ये तासभर विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या मिळाल्या. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायदा गप्प राहिला, आणि बायकांच्याही. शिवाय तो लागू होता फक्त शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. खानदेशातल्या जिनिंग कारखान्यांचा हंगाम तेवढा लांब नसे आणि पुष्कळ ठिकाणी माणसेही शंभर नसत. कापूस आला की तिथे बायका पहाटेपासून रात्र चढेपर्यंत सरकी काढणाऱ्या रेच्यांसमोर बसलेल्या असत. त्यांच्यासाठी १८८१ चा कायदा अस्तित्वातच नव्हता. ‘कारखाना’ कशाला म्हणायचे हे ठरवणारा आकडा सुरक्षेच्या इतिहासात केवढा मोठा असतो, हे मला पहिल्यांदा या जिनिंगच्या उदाहरणावरून कळले. पुढे तो आकडा पुन्हा येणार आहे.

कायदा झाला, पण तपासणार कोण? बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा अधिकारीच निरीक्षक. त्याला महसूल, दुष्काळ, बंदोबस्त आधी. मुंबईसाठी लँकेशायरहून मीड किंग नावाचा अनुभवी निरीक्षक आणला गेला, आणि कायदा अपुरा आहे हे त्यालाही दिसले. म्हणून १८८४ चा आयोग नेमला गेला, आणि म्हणून सुपारीबागेतली सभा. वरच्यांची चौकशी चालू असताना खालच्यांनी आपले म्हणणे लेखी दिले, ही त्या सभेची थोरवी.

आयोगाने ऐकले, सरकारने वेळ काढला. लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगार उभ्या राहून बोलल्या. १८९० सालच्या मुंबईत, हजारोंच्या गर्दीपुढे. त्यांची नावे इतिहासात ठळक नोंदली गेली नाहीत, याची मला फार चुटपुट लागते. १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणी कामगारांचा रविवार असा मिळालेला आहे. पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, सुधारित कायदा आला. आता पन्नास माणसांचा कारखानाही त्याच्या कक्षेत आला. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तास ठरले. बायकांना अकरा तासांची मर्यादा आली. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात बसली. पाचांतल्या दोन मागण्या सात वर्षांत पदरात पडल्या. पुरुषांच्या तासांना मात्र अजून लगाम नव्हता. मुलांच्या सात तासांतूनही पळवाट काढली गेली. तेच पोर सकाळी एका गिरणीत आणि दुपारनंतर दुसऱ्या गिरणीत, दोन दाखल्यांवर राबत असे.

नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगमध्ये गेले. तिसरी मागणी, सूर्यास्ताला काम थांबण्याची, त्यांच्यानंतर आठ वर्षांत उलटी फिरली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. बाजारात तेजी होती आणि आता अंधार मालकाला अडवू शकत नव्हता. साडेचौदा, पंधरा तास साचे चालू लागले. विजेचा दिवा हा सुधारणेचा दूत म्हणून आपण शाळेत शिकतो. गिरणगावात तो आधी दिवस लांबवणारा म्हणून आला. कामगारांनी त्या वर्षी ठिकठिकाणी काम बंद करून विरोध केला. १९०६ ची समिती, १९०८ चा आयोग, आणि शेवटी १९११ चा कायदा: कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना दिवसाला जास्तीत जास्त बारा तास. पुरुषाच्या कामाला कायद्याने घातलेली ही पहिली हद्द. सुपारीबागेपासून सत्तावीस वर्षांनी.

कारखान्यात ज्या लोखंडी जाळ्या आपण यंत्रांना बसवतो, त्यांचे काम एकच: माणसाचा हात आणि फिरता भाग यांच्यात अंतर ठेवणे. कामाच्या तासांची मर्यादा हेच काम आधी करते. हात दमून बेभान होण्याआधी ती त्याला यंत्रापासून दूर नेते.

पाचव्या मागणीला सगळ्यांत मोठी वाट पाहावी लागली, असे नाही. पण ती वाट सगळ्यांत कडू होती. तोवर अपघातात हात गेलेल्या माणसाला भरपाई हवी असेल तर मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. ज्याचा हात गेला त्याने, ज्याच्याकडे वकील आहे त्याच्याविरुद्ध. पहिल्या महायुद्धानंतर वारे बदलले. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. परळमध्ये काम उभे करणारे ना. म. जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिच्या पहिल्या परिषदेला गेले आणि पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलत राहिले. १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला साठ तासांची हद्द घातली आणि वीस माणसांचा कारखाना कक्षेत आणला. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. चूक कोणाची हे न विचारता, कामामुळे इजा झाली असेल तर भरपाई, हे तत्त्व आले. सुपारीबागेपासून चाळीस वर्षे. आणि चौथी मागणी, वेळेवर पगाराची, कायद्यात यायला १९३६ उजाडले. बावन्न वर्षे. अर्जाला नाव देणाऱ्यांपैकी त्या दिवशी हयात किती असतील, हा प्रश्न मी तरुणांना शिकवताना नेहमी विचारत आलो.

भरपाईच्या त्या कायद्यात एक अपवाद ठेवला गेला. कामगाराने सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर बाबतींत मालकाची जबाबदारी टळू शकते. कागदावर हे रास्त दिसते. पण जाळी काढली जाते का, हे खात्यात उभे राहून पाहावे लागते. जाळी लावलेल्या यंत्राची सफाई करायला ते थांबवावे लागते, बोल्ट सोडावे लागतात, पुन्हा बसवावे लागतात. उत्पादनाचा आकडा मात्र तेवढाच हवा असतो. वेळ अपुरा दिला की जाळी कोपऱ्यात जाऊन पडते. म्हणजे लोखंडी जाळीसुद्धा टिकते ती घड्याळाच्या जोरावर.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते आणि आई वाइंडिंग खात्यात. मी लहान असताना गिरण्या ज्या कायद्याखाली चालत होत्या त्याची पायाभरणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना झाली. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये दिवसाचे कमाल नऊ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास हे बारमाही कारखान्यांसाठी ठरले. जो माणूस स्वतः परळच्या चाळीत राहिला, भोंग्याच्या तालावर जागणारी वस्ती ज्याने पाहिली, त्याच्या काळात हा आकडा ठरावा, यात मला मोठे औचित्य दिसते. तोच आकडा १९४८ च्या कारखाने अधिनियमात आला. आता यंत्रशक्ती असेल तर दहा माणसांचा कारखानाही कायद्याखाली आला. पाच तास सलग कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती. चालत्या यंत्राजवळचे काम फक्त प्रशिक्षित प्रौढ पुरुषाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायचे, आणि ते कपडे कारखान्यानेच पुरवायचे. कापूस पिंजणाऱ्या यंत्राजवळ बायका आणि मुलांना बंदी. काही आजार कळवण्याचे बंधनही आले. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस त्या यादीत पुढे आला.

हा आजार मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिला. वडिलांच्या बरोबरीचे, पिंजणाच्या खात्यातले एक शेजारी सोमवारी पाळीवरून येत तेव्हा त्यांची छाती भरून आलेली असे. मंगळवारी जरा बरे, शनिवारपर्यंत आणखी बरे, आणि पुन्हा सोमवारी तेच. रविवारी धुळीपासून सुटका मिळते आणि सोमवारी ती पुन्हा आत गेली की छाती आवळते, हे या आजाराचे ओळखीचे लक्षण. पुढे तो कायमचा मुरतो. जेव्हा मला शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत याचे शास्त्र शिकायला मिळाले, तेव्हा मी पहिला विचार त्यांचाच केला.

आमच्या चाळीत तिन्ही पाळ्यांची माणसे. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. वडील साच्यांच्या खडखडाटात राहून राहून कानाने मंद झाले होते. साचेवाले एकमेकांशी ओठ आणि खुणांनी बोलत. तिसऱ्या पाळीबद्दल ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: पहाटे चारच्या पुढचा तास वाईट. त्या तासाला तुटलेले सूत दिसत नाही, दोन साच्यांमधल्या वाटेत पाय अडखळतो. त्यांच्या बाजूच्या साचेवाल्याच्या डोळ्याला धोटा उडून लागला तोही पहाटेच. त्या रात्री तो बदलीवर होता आणि दिवसभर दुसरीकडे हमाली करून आला होता. गिरणीच्या चौकशीत धोट्याची आणि साच्याच्या जाळीची तपासणी झाली. तो माणूस किती तास जागा होता, हे कुणी विचारले नाही.

मी शिकून कापडात गेलो नाही, रसायनात गेलो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी लागली ती भोपाळनंतरच्या काळात. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे झोपेतच किंवा पळता पळता गेली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू धुणारी आणि जाळणारी साधने कामाची राहिली नव्हती. हे सर्वांना माहीत असते. तितकेच महत्त्वाचे आणखी एक होते: खर्च वाचवण्यासाठी त्या विभागात पाळीवर असणारी माणसे आधीच कमी केली होती. कमी माणसांवर जास्त काम, तेही रात्री. गिरणीत थकलेल्या हाताची चूक त्या हाताला भोवते. रसायनाच्या कारखान्यात ती चूक कुंपणाबाहेर जाते आणि ज्यांनी कारखान्याचे दार कधी पाहिले नाही त्यांच्या घरात शिरते.

त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात मोठी भर पडली. धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. कोणते रसायन वापरतो, त्याचा धोका काय, हे कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला सांगणे बंधनकारक झाले. सुरक्षा समितीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत असे ठरले. जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेला आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. माझ्या नोकरीला या कलमांनी बळ दिले. मी आमच्या समितीच्या पहिल्या बैठकांची टिपणे जपून ठेवली आहेत. मी विषयपत्रिकेवर हेल्मेट, गॉगल, टाकीत उतरण्याची परवानगी असे विषय घेऊन गेलो होतो. कामगार प्रतिनिधींनी पहिला विषय मांडला तो असा: रातपाळी संपल्यावर माणसाला पुढच्या पाळीसाठी थांबवू नका. दुसरा: पाळीवर दोन माणसे हवीत तिथे एक ठेवू नका. हेल्मेटची पाळी तिसऱ्या बैठकीत आली. त्यांचा क्रम बरोबर होता.

पुढे एका कारखान्यात, ज्याचे नाव मी घेणार नाही, एका कंत्राटी कामगाराने आम्लाच्या नळीचा भलताच जोड उघडला. त्याचे दोन्ही हात आणि छाती भाजली. तो सलग दुसऱ्या पाळीवर होता. अपघात कळवण्याच्या शासकीय नमुन्यात एक रकाना असतो: जखमी माणसाने त्या दिवशी किती वाजता काम सुरू केले. त्याला लागूनच दुसरा असतो: त्या दिवसाचा पूर्ण किंवा काही पगार त्याला मिळणार आहे का. मी पहिल्या रकान्यात खरी वेळ लिहिली. कंपनीच्या अंतर्गत अहवालात कारण म्हणून मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द आले, आणि उपाय म्हणून ‘प्रशिक्षण’. मी सहीच्या जागी माझे वेगळे मत लेखी जोडले. कंत्राटदाराने दुहेरी पाळ्या काही महिने थांबवल्या, मग त्या पुन्हा सुरू झाल्या. त्या माणसाला कोणतेही प्रशिक्षण चौदाव्या तासाला शुद्धीवर ठेवू शकले नसते.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली आणि तो दिवस आपण सुरक्षा दिन म्हणून पाळतो. कारखान्यांत शपथ होते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, हिरवी फीत लावली जाते. मी हे सारे मनापासून केले आहे आणि त्याचा उपयोगही पाहिला आहे. तेवढ्याच मनापासून मला वाटते, की त्या दिवशी हजेरीपटही भिंतीवर लावला पाहिजे: गेल्या महिन्यात किती माणसे किती वेळा दुहेरी पाळीला थांबली.

कारण इतिहासाची दिशा आता वळते आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विझत गेले. गिरण्यांतले जुने साचे भिवंडीच्या यंत्रमागांच्या गाळ्यांत गेले, आणि तिथे पाळी बारा तासांची झाली. तोच साचा, तेच काम, पण आठ तासांचा कामगार बारा तासांचा झाला. जागा छोटी, माणसे थोडी, निरीक्षक दुर्मीळ. कायद्याच्या कक्षेचा आकडा १८८१ ला शंभर होता, १८९१ ला पन्नास, १९२२ ला वीस, १९४८ ला दहा. शतकाच्या दोन तृतीयांश काळात तो एकाच दिशेने उतरत आला. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या संहितेने यंत्रशक्तीवरच्या कारखान्यासाठी तो पुन्हा वीस केला. खानदेशच्या त्या रेच्यांसमोर बसणाऱ्या बायकांसारखी कितीतरी माणसे पुन्हा ‘कारखाना’ या शब्दाबाहेर गेली.

तासांचेही तसेच. १९११ ला बारा, १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा, १९४६ ला नऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत. पण विश्रांतीआधीचे सलग काम पाचाऐवजी सहा तास, आणि तीन महिन्यांतले जादा काम ११५ ऐवजी १४४ तासांपर्यंत, कामगाराच्या लेखी संमतीने. याच्या बाजूचे म्हणणे मी नीट ऐकले आहे. चार दिवस बारा तास केले की तीन दिवस मोकळे मिळतात, लोकलचा प्रवास वाचतो, काही कामगारांनाच ते हवे आहे. कायम नोकरीतल्या, पुरेसा पगार असलेल्या माणसाच्या बाबतीत हे खरे असू शकते. पण आज कारखान्यात बहुतेक धोक्याचे काम कंत्राटी माणूस करतो. मोकळ्या तीन दिवसांत तो दुसरीकडे काम धरतो, जसा तो बदली साचेवाला धरत होता. आणि ज्याची पुढच्या महिन्याची नोकरी मुकादमाच्या हातात आहे, त्याच्या लेखी संमतीला मी संमती म्हणू शकत नाही.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती पुरी करायला नवा कायदा लागत नाही. जखमी माणसाने त्या दिवशी किती वाजता काम सुरू केले, हा रकाना आपल्याकडे आधीच आहे. राज्यभरातले हे नमुने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातात. त्यांतून प्रत्येक अपघात कामाच्या कितव्या तासाला झाला याचा तक्ता दर वर्षी जाहीर करावा, कंत्राटी कामगारांचा वेगळा. दिवस वाढवण्याचा कोणताही निर्णय त्या तक्त्याच्या समोर ठेवून, कामगार प्रतिनिधींच्या बरोबरीने घ्यावा. नवव्या तासानंतरचे काम जर सुरक्षित असेल तर तक्ता तसे सांगेल, आणि मी माझे म्हणणे मागे घेईन. तोवर ज्या तासांसाठी माणसांनी १८८४ पासून १९४६ पर्यंत बासष्ट वर्षे वाट पाहिली, ते तास सोडून देण्याचा अधिकार आपल्या पिढीला नाही.